रिकाम्या रकान्यात किती माणसं? मिलच्या मस्टरपासून पीएफच्या पासबुकापर्यंत

 

आजचा भाग आकड्यांचा आहे, पण घाबरू नका, गणित सातवीच्या पुढं जाणार नाही. दर महिन्याला एक बातमी येते, तुम्ही वाचली असेल: 'ईपीएफओमध्ये या महिन्यात इतके लाख नवे सदस्य.' बातमी आली की व्हॉट्सअॅपवर दोन गट पडतात. एक गट म्हणतो, बघा किती नोकऱ्या! दुसरा म्हणतो, आमच्या गल्लीत तर एकालाही लागली नाही. मी कळमनुरीचा, त्यामुळं माझे बरेच मित्र दुसऱ्या गटात. पण एक प्रश्न दोन्हीकडचे विचारत नाहीत. ज्या मालकांनी त्या महिन्यात कामगारांची माहितीच पाठवली नाही, त्यांच्याकडच्या माणसांचं काय केलं? शून्य धरली? मागच्या महिन्याइतकीच धरली? की अंदाज लावला?

हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. तो नेमका कुठं सुरू झाला, तिथून सुरुवात करू.

मस्टर, साचा आणि बदली

साल १९२१. मुंबई सरकारनं 'लेबर ऑफिस' नावाचं नवं कार्यालय उघडलं. पहिले संचालक होते जी. फिंडले शिरास. त्याच वर्षी या कार्यालयाचं 'लेबर गॅझेट' हे मासिक निघू लागलं. कार्यालयाचं पहिलं मोठं काम म्हणजे कापड गिरण्यांमधल्या पगाराची आणि कामाच्या तासांची चौकशी. मे १९१४ आणि मे १९२१ या दोन महिन्यांची तुलना करायची होती. अहवाल १९२३ मध्ये छापून आला. माहिती यायची गिरण्यांकडूनच, म्हणजे मालकाच्या कागदावरून.

आता मालकाच्या कागदाची गंमत बघा. गिरणीत प्रत्येक साच्यावर माणूस लागायचा. साचा म्हणजे माग. नेहमीचा माणूस गावाला गेला, आजारी पडला, की त्याच्या जागी 'बदली' उभा राहायचा. बदली रोज सकाळी गेटवर यायचा. जॉबरनं बोट दाखवलं तर काम, नाहीतर परत घरी. मग सांगा, त्या साच्यावर नोकरी किती? मस्टरवरची नावं मोजली तर दोन. त्या दिवशी उभी असलेली माणसं मोजली तर एक. आणि गेटवरून परत गेलेला तिसरा? तो कुठल्याच कागदावर नाही. हा गोंधळ इतका वाढला की १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेनं बदली कामगारांना कार्डं देऊन त्यांची नोंद ठेवायची पद्धत आणली.

सांगायचा मुद्दा हा की 'मालकानं दिलेला आकडा' आणि 'काम करणारी माणसं' या पहिल्यापासून दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि तेव्हा आपली कळमनुरी कुठं होती? निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात. मुंबई सरकारचा फॉर्म इथं यायचा प्रश्नच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आणि १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे 'हिंगोली जिल्ह्यात १९९५ साली किती नोकऱ्या होत्या?' असं कोणी विचारलं, तर आयता आकडा मिळणार नाही, कारण तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता. परभणीचा आकडा घेऊन तालुक्यांच्या हिशेबानं फोडावा लागेल. रिकामा रकाना हा नेहमी कोणाच्या आळसामुळंच तयार होतो असं नाही. कधी नकाशा बदलतो, म्हणूनही होतो.

दर तीन महिन्यांचा फॉर्म

स्वातंत्र्यानंतर दिल्लीला कळलं की नियोजन करायचं तर किती लोक कुठं कामाला आहेत हे माहीत हवं. १९५९ मध्ये कायदा आला: रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं सक्तीचं. 'एम्प्लॉयमेंटमध्ये नाव टाकलंय का?' हा प्रश्न आपल्या आधीच्या पिढीनं शंभरदा ऐकलाय, ते हेच कार्यालय. या कायद्यात आणखी एक कलम होतं. सरकारी आस्थापनांनी, आणि २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांनी, दर तीन महिन्यांनी किती माणसं कामाला आहेत ते लिहून द्यायचं. त्या फॉर्मचं नाव ईआर-१. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर संपला की ३० दिवसांत भरायचा. आपल्या राज्यात पुढं तो महास्वयम् पोर्टलवर ऑनलाइन झाला.

नाही भरला तर? कायद्यात दंड लिहिला होता: पहिल्या वेळी २५० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी ५०० पर्यंत. १९५९ साली ही रक्कम जड होती. पुढं तेवढ्यात दुचाकीची टाकीसुद्धा भरेना. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण मधल्या साठ-पासष्ट वर्षांत कितीतरी रकाने रिकामे राहिले.

शिवाय कायद्यानंच काही कामं बाहेर ठेवली होती. शेतीतल्या बहुतेक जागा, घरकाम, तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं काम, या जागा कळवायची सक्तीच नव्हती. आता आपला तालुका डोळ्यांसमोर आणा. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची; कापूस वेचायचा; जिनिंगला हंगामी कामाला जायचं; डोंगरकड्याच्या कारखान्याला ऊस घालायचा. यातलं किती काम त्या फॉर्मात बसतं?

ऊसतोडीचं तर विचारूच नका. तिथं मोजायचं एकक माणूस नाही, 'कोयता' आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादम देतो, टोळी मुकादमाची. कारखान्याच्या पगारपत्रकावर ही माणसं नसतात, आणि मुकादमाच्या वहीत दोन माणसं एक होतात. बाईची मजुरी त्या एका शब्दात विरघळून जाते.

दहा जिनिंगचं गणित

बरं, आता सांख्यिकी कार्यालयातल्या खुर्चीत बसून बघू. समोर अर्धे भरलेले फॉर्म आहेत. काय करणार?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका तालुक्यात दहा जिनिंग आहेत. मागच्या तिमाहीत दहाही जणांनी फॉर्म भरला होता, एकूण कामगार ५००. या तिमाहीत फक्त सात जणांनी भरला. या सातांकडं मागच्या वेळी ४०० माणसं होती, आता ३२० आहेत. गप्प बसलेल्या तिघांकडं मागच्या वेळी १०० होती. आता एकूण किती?

पहिला म्हणतो, जे आलं नाही ते शून्य. उत्तर ३२०. बातमी होते: रोजगार ३६ टक्क्यांनी घसरला! हे सरळसरळ चूक आहे. फॉर्म आला नाही म्हणून माणसं घरी बसली असं होत नाही.

दुसरा म्हणतो, तिघांचा मागचाच आकडा पुढं ओढा. उत्तर ४२०, घसरण १६ टक्के. ही सगळ्यात सोपी पद्धत. दिवस बरे असतील, सगळं स्थिर असेल, तर चालतेही. पण बाजार फिरतो तेव्हा ती फसवते, कारण ती मंदीतही कालचंच चित्र दाखवत राहते. शिवाय जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर चढतो आणि उन्हाळ्याकडं उतरतो. हंगामातला आकडा तसाच ओढून जूनमध्ये टाकला, तर बंद शेडमध्ये कागदावर माणसं कामाला लागतात. म्हणून जाणता माणूस मागच्या तिमाहीऐवजी मागच्या वर्षीची हीच तिमाही बघतो.

तिसरा म्हणतो, ज्यांनी भरलं त्यांच्याकडं काय झालं ते बघा. ४०० चे ३२० झाले, म्हणजे शंभरातले ८० उरले. तोच हिशेब गप्प बसलेल्यांना लावा: १०० चे ८०. एकूण ४००, घसरण २० टक्के. ही पद्धत बरीच शहाणी आहे. जगातल्या मोठ्या सांख्यिकी संस्था याच जातीच्या पद्धती वापरतात.

पण चौथा, जो जरा गावात फिरलाय, तो विचारतो, 'ते तिघं गप्प का बसले?' आणि खरा प्रश्न हाच आहे. ज्याचा धंदा नीट चाललाय तो फॉर्म भरतो. ज्याचं वीजबिल थकलंय, ज्यानं मुनीम काढून टाकलाय, ज्यानं शटर ओढलंय, तो फॉर्म भरेल का? समजा त्या तिघांतलं ५० माणसांचं एक जिनिंग बंदच पडलंय, आणि उरलेल्या दोघांचे ५० चे ४० झालेत. मग खरं उत्तर ३६०, घसरण २८ टक्के.

बघा, फॉर्म तेच. उत्तरं चार: ३२०, ४२०, ४००, ३६०. खोटं कोणीच बोललं नाही. फक्त गप्प बसण्याचा अर्थ प्रत्येकानं वेगळा लावला.

यात पाचवी भानगडही आहे. दरम्यान कोणीतरी नवं जिनिंग उघडलं असेल तर? त्याचं नाव यादीतच नाही, त्याला फॉर्म गेलाच नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी ब्युरोनं यावर एक मजेशीर तोड काढली. बंद पडलेला धंदा आणि फॉर्म न भरलेला धंदा सुरुवातीला ओळखू येत नाही. मग ते म्हणतात, दोघांनाही चालूच आहेत असं धरू. बंद पडलेल्यांच्या नावावर जी जास्तीची माणसं मोजली जातील, ती नव्यानं उघडलेल्यांच्या न मोजलेल्या माणसांची जागा बऱ्यापैकी भरून काढतील. उरलेला फरक वेगळ्या गणितानं जोडायचा. साध्या दिवसांत हे चालतं. पण दुकानं धडाधड बंद पडायला लागली आणि नवी उघडेनात, की तराजू एकीकडं झुकतो.

२०१८: आपला महिन्याचा आकडा

आता भारतात येऊ. नोकऱ्यांचा अंदाज आपल्याकडं घराघरांत जाऊन केलेल्या पाहणीतून यायचा आणि ती मोठी पाहणी साधारण पाच वर्षांनी व्हायची. २०११-१२ नंतर थेट २०१७-१८ मध्ये नव्या रूपात पीएलएफएस सुरू झाली. मधली वर्षं वाद नुसता तापला: नोकऱ्या वाढल्या की नाही? जानेवारी २०१८ मध्ये पुलक घोष आणि सौम्यकांती घोष यांनी एक अभ्यास मांडला. म्हणणं असं, की पीएफची नोंद दर महिन्याला येतेच, तीच वापरा. एप्रिल २०१८ मध्ये ईपीएफओनं पहिल्यांदा असे आकडे जाहीर केले, सप्टेंबर २०१७ पासूनचे.

ही नोंद येते कुठून? मालक दर महिन्याला ईसीआर भरतो. म्हणजे कामगारांची नावं, पगार आणि कापलेली रक्कम असलेली इलेक्ट्रॉनिक यादी. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची. नवे आले ते अधिक, सोडून गेले ते वजा, परत आले ते पुन्हा अधिक. उरेल ती निव्वळ भर.

आणि मग तोच जुना प्रश्न: ईसीआर उशिरा आला तर? काही मालक दोन महिन्यांनी भरतात, काही सहा महिन्यांनी. त्यामुळं आज जाहीर झालेला आकडा पुढचे कित्येक महिने हलत राहतो. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या नऊ महिन्यांत ४४.७४ लाखांची भर पडली असं आधी सांगितलं गेलं. पुढच्याच महिन्याच्या सुधारणेत तो आकडा ३९.२० लाखांवर आला. साडेपाच लाखांचा फरक! पहिल्या आकड्याची हेडलाइन झाली, दुसरा किती जणांनी वाचला?

याहून बोलका महिना म्हणजे एप्रिल २०२०. लॉकडाऊन. त्या महिन्याचा पहिला आकडा अधिक एक लाखाच्या आसपास आला होता. पुढच्या सुधारणांमध्ये तो खाली खाली येत उणे झाला. काय झालं होतं? गप्प बसलेल्यांची खरी कथा हळूहळू कागदावर येत गेली. त्या काळातली एक छोटी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आधी ईसीआर भरणं आणि पैसे भरणं एकत्र बांधलेलं होतं. ज्या मालकाकडं पैसे नाहीत, त्याची यादीही पुढं सरकायची नाही. ३० एप्रिल २०२० ला ईपीएफओनं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या: पैसे नंतर भरा, यादी तरी द्या. म्हणजे मालकाचा खिसा रिकामा म्हणून कामगाराचं नावही गायब, असं होऊ नये.

आणखी दोन ठिकाणी हा आकडा चकवतो. एक, पीएफचा कायदा २० माणसांपासून लागू होतो. एखाद्या दुकानात १९ जण वर्षानुवर्षं काम करतायत, विसावा आला, कायदा लागू झाला. आता २० पीएफ खाती उघडतील. नवी नोकरी मात्र एकच! २०१७ मध्ये राहून गेलेल्या कामगारांची नोंद करायला मालकांना सवलत दिली होती, तेव्हा अशी एक कोटीच्या वर नावं आली. ती माणसं आधीपासूनच कामावर होती, कागदावर आत्ता आली.

दोन, जागा. कळमनुरीतला पोरगा चाकणला कंपनीत लागतो. पगार देतो ठेकेदार, ठेकेदाराचं ऑफिस तिसऱ्याच शहरात, आणि नोंद होते त्या ऑफिसच्या खात्यात. धंद्याच्या रकान्यात 'गाड्यांचे सुटे भाग' असं येत नाही, मनुष्यबळ पुरवणाऱ्यांचा गट येतो. म्हणून पीएफच्या आकड्यात महाराष्ट्र वर दिसतो, तेव्हा त्यातला किती वाटा कोणत्या तालुक्यातल्या पोरांचा हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. आमच्या ग्रुपवरचं 'आमच्या इथं एकालाही नाही' आणि बातमीतले 'लाखो' एकाच वेळी खरे असू शकतात.

आकडा हलला म्हणून माणूस हलवायचा?

आकडे सुधारले जातात म्हणजे कोणीतरी लबाडी केली, असं पटकन वाटतं. १ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेत हेच झालं. मे आणि जूनचे रोजगाराचे आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली आणले गेले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ब्युरोच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकलं. पण आपण आत्ताच दहा जिनिंगचं गणित केलंय. उशिरा आलेले फॉर्म धरून उत्तर बदलणं हे प्रामाणिक कार्यालयाचं लक्षण आहे. ४०० सांगून नंतर ३६० म्हणणारा माणूस बरा, की ४०० ला चिकटून बसणारा?

माझं म्हणणं असं आहे. अंदाज लावणं वाईट नाही. रिकाम्या रकान्याला शून्य म्हणण्यापेक्षा, विचार करून लावलेला अंदाज केव्हाही बरा. मात्र तीन गोष्टी सोबत सांगायला हव्यात: किती जणांनी माहिती दिली, किती जणांची अंदाजानं भरली, आणि मागच्या वेळचा अंदाज किती चुकला. शेजारी घरोघरी विचारणारी पाहणीही हवी. बदली कामगाराला, हळद शिजवणाऱ्या बाईला, कोयत्यातल्या दुसऱ्या माणसाला मालकाच्या कागदावर शोधून उपयोग नाही. त्यांच्या दारातच जाऊन विचारावं लागतं.

आणि आता तुमच्या-माझ्या खिशातली गोष्ट. देशाच्या आकड्यातला रिकामा रकाना सांख्यिकीवाले अंदाजानं भरू शकतात. तुमच्या पासबुकातला रिकामा महिना मात्र कोणीही अंदाजानं भरत नाही. पीएफच्या पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी नोंदलेली लागते. नोकरीत असताना काही बरंवाईट झालं, तर घरच्यांना विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात, पण त्यासाठीही नाव नोंदलेलं असावं लागतं. सरासरीनं पेन्शन मिळत नाही.

म्हणून एक काम करा. पगारातून पीएफ कापला जात असेल तर उमंग अॅपवर तुमचा यूएएन टाका आणि पासबुक उघडा. महिन्यामागून महिना बघत या. पगाराच्या स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात तो महिना नाही, असं दिसलं तर स्लिप जपून ठेवा, आधी ऑफिसात विचारा, आणि दाद लागली नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर लेखी तक्रार टाका. ठेकेदार बदलला की नोकरी सोडल्याची तारीख नीट नोंदली आहे का तेही तपासा. चाकणला, रांजणगावला, वाळूजला असलेल्या आपल्या गाववाल्यांना हा भाग पाठवा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पासबुक एकदाही उघडलेलं नसेल.

पुढच्या वेळी 'इतके लाख नवे सदस्य' अशी बातमी आली, तर नाचूही नका आणि शिव्याही घालू नका. एवढंच विचारा: यात किती जणांचे फॉर्म आले, आणि जे गप्प बसले त्यांचं काय धरलं?

भेटू पुढच्या भागात. तोवर पासबुक बघून ठेवा!